शिळं पाणी

गावात नळ नवे नवे आले, तेव्हाची गोष्ट. एक तांब्याचा हंडा मोठा सोवळ्याचा. नळाला पाणी आलं की कालचं मोरीत ओतून देई. म्हणे, "शिळं मी पोटात ठेवत नाही!"

उन्हाळ्यात पाणी दिवसाआड झालं, तरी त्याचा हेका तोच. तो पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत शेवटच्या आळीतलं पाणी जाई. तिथल्या मातीच्या घागरीनं टेकडीवरच्या टाकीकडे गाऱ्हाणं नेलं.

पुढच्या खेपेला हंडा ऐटीत नळाखाली बसला. "टाकीबाई, ताजं सोडा हं!"

"ताजं?" टाकी म्हणाली. "अरे, माझ्याकडचं सगळं गेल्या पावसाळ्यातलं. शिळं चालत नसेल, तर आषाढापर्यंत रिकामा बस."

त्या दिवशी मोरी कोरडी राहिली आणि घागर भरली.