गिऱ्हाइकाची हळद

एकदा एका पेठेच्या गावात हळदीचा एक व्यापारी राहत असे. माणूस मोठा भाविक. नवा माल आला की पहिले पोते तो वाजतगाजत मठात पोहोचवी. मग वर्षभर लोक डोळे मिटून त्याच्याच दुकानी जात. "मठात चालते, मग आपल्याला काय होतंय!" एवढ्या एका वाक्यावर सारी पेठ निश्चिंत होती. निश्चिंत राहायला आपल्याला कारण थोडेच लागते!

एके दिवशी एक बाई कडेवर मूल घेऊन मठात आली. मुलाची मान ठरत नव्हती. पोट दुखून दुखून ते आता रडेनासेही झाले होते.

"हळद-दूध देत होतीस ना?" शिष्याने विचारले.

"देते की. तुम्हीच सांगितलं होतं. बरं वाटेना, म्हणून आता दोन वेळा देते." तिने पदरातली पुडी काढून दाखवली. हळद सोन्यासारखी पिवळीधमक होती. मठातली तर मळकट असे.

वृद्ध गुरूंनी ती पुडी घेऊन मठातल्या हळदीशेजारी धरून पाहिली. तेवढ्यात व्यापारी नवे पोते घेऊन आला. गुरूंनी तिच्या पुडीतली हळद दुधात कालवून मागितली आणि पेला ओठांशी नेला.

व्यापाऱ्याने धावत येऊन त्यांचा हात धरला. "महाराज, ती नको! ती गिऱ्हाइकाची आहे. तिच्यात रंग असतो. तुमची मी वेगळी दळून आणतो, माझ्या नातवंडांची असते तीच."

गुरूंनी पेला खाली ठेवला. शिष्याला म्हणाले, "ऐकलेस? याने मला कधीच फसवले नाही. माझ्या चुलीपाशी निर्भेळ हळद आली, म्हणून हिच्या घरी विष खपले. पारखणारा कोण हे विकणाऱ्याला आधीच ठाऊक असेल, तर ती पारख नव्हे. आपण याची दवंडी पिटत होतो."

शिष्याला मान वर करवेना. "मग लोकांनी विश्वास ठेवायचा कोणावर?"

"जो न सांगता, गिऱ्हाईक होऊन पुडी घेतो आणि तपासतो, त्याच्यावर. तसा कोणी नसेल, तर कोणावरही नाही."

बाईला यातले अर्धेच कळले होते. ती पुढे झाली, पदर पसरून म्हणाली, "महाराज, मग तुमच्यातली चिमूटभर द्या ना. आज हीच देते त्याला."

शिष्याने तिच्या पदरात हळद घातली. मुलाने दूध गिळणे कालपासूनच सोडले होते, हे तिने अजून कोणाला सांगितले नव्हते.