न उसवलेली टीप

कात्र्यांना वाचा होती आणि सुयांना लगेच राग यायचा, त्या काळातली ही गोष्ट. बायजाक्कांच्या ओसरीवर एक हातमशीन होती. साठ वर्षं तिने घरादाराचे कपडे शिवले होते.

नातसुनेला बाळ झालं, तशी आक्कांनी गोधडीसाठी जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडलं. कात्री खिदळली, "मशीनबाई, बघ तुझ्या जन्माची कमाई! सगळ्या चिंध्या. आता टिपाही मीच उसवणार."  मशीनलाही ते खरंच वाटलं.

नातसून वत्सला उसवायला बसली. कात्रीचं टोक घुसताच विरलेलं कापड टर्रकन फाटलं. टीप मात्र जागची हलली नाही. दुसऱ्या कपड्याचंही तेच झालं.

"राहू दे गं," आक्का म्हणाल्या, "टिपांवरच तर कापड तगलंय. तसंच लाव."

पंधरा दिवसांनी गोधडी कडा मारायला मशीनपुढे आली आणि चाक फिरता फिरता थबकलं. आक्कांच्या यजमानांची बंडी, आक्कांची डोहाळजेवणातली चोळी, त्यांच्या लेकाचं, दत्तूचं अंगडं. दत्तूचे तर आता केस पिकले होते! सगळ्यांवर तिच्याच टिपा, काल मारल्यासारख्या.

"अगं बाई," ती पुटपुटली, "मला वाटायचं, मी नुसते कपडेच शिवते."

कात्रीने आपली पाती मिटून घेतली.

संध्याकाळी तान्हं बाळ गोधडीवर पहुडलं. पणजोबांच्या बंडीची शिवण त्याने मुठीत धरली होती, आणि त्याने कितीही ओढली तरी ती उसवत नव्हती.