साबणाचा फेस

बंदुकीतून शिशाऐवजी रंग उडू लागला, त्या काळची ही गोष्ट. केतकीने आपली पेंटबॉलची बंदूक जेवणाच्या टेबलावर खोलली होती. नवी लांब नळी बसवली, नवी मूठ चढवली. जुने भाग एकेक करून बिस्किटांच्या डब्यात जात होते.

आतला रबरी वायसर ते बघत होता. बंदुकीत हवा भरली की त्याच्या कडेने ती निसटायची. "हिला कळलं तर माझीही रवानगी डब्यात!" त्याने अंग आणखीच आवळलं.

"हूं की चूं करू नकोस," नळीने दटावलं. "उद्या सामना आहे, माझा पहिलाच."

केतकीने हवा भरली आणि सांध्यावर साबणाचा फेस लावला. वायसरने श्वास रोखला, तरी बुडबुडा फुगलाच. तिने त्याला उपसून उजेडात धरलं. त्याने डोळे घट्ट मिटले.

"फाटला नाहीये, नुसता कोरडा पडलाय," ती पुटपुटली. तेलाचा थेंब चोळून तिने त्याला पुन्हा जागेवर बसवलं.

वायसर हुश्श करतो न करतो तोच नळी कुजबुजली, "ऐक ना, माझेही आटे सैल आहेत रे. हिला ऐकू जाईल असा आवाज कसा करायचा?"