ढग्याची डोण

आं हां! पाव्हणं, त्या डोणीत हात बुडवू नका. उन्हाचं आलाय, तहान लागली असंल, माझ्या बाटलीतलं प्या. ही दगडात कोरलेली डोण कुत्र्याची. खिंडीत कळप आला की पहिलं पाणी कुत्र्याला, मग मेंढरांना, मग माणसांना. आमचं तान्हं पोर रडत असलं तरी थांबतं, पाव्हण्याला तेवढी मोकळीक. का ते सांगतो, पण सगळं उलगडंल असं समजू नका. मला सत्तर वर्षांत उलगडलं नाही.

फार मागं, म्हणे, म्हाकू नावाचा धनगर आणि त्याची बायको ठकू याच वाटेनं मेंढरं घेऊन आली. साल दुष्काळाचं. पाणी होतं ते फक्त खिंडीपलीकडं, नदीच्या डोहात. कळपाची राखण त्यांच्या कुत्र्याकडं, ढग्याकडं. या कुत्र्यांची जात लई जुनी, अंगानं वासराएवढी. डोळे उघडायच्या आत पिल्लू मेंढीच्या आचळाला लावतात, म्हणून ते मेंढरांनाच आपलं गणगोत मानतं. लांडगा आला तर ढग्या पुढं. आणि ढग्या थांबला तर मेंढरं एक पाऊल टाकायची नाहीत.

त्या दिवशी तो खिंडीच्या तोंडाशी आडवा पडला. म्हाकूनं हाका मारल्या, शीळ घातली, काठी उगारली. ढग्यानं दात दाखवले. धन्याला! तोंडाला फेस, डोळे लाल. म्हाकू मागं सरला. कुत्रं पिसाळलं की काय? पिसाळलेलं कुत्रं कळपात राहिलं तर सगळा कळप जातो, त्याला तिथंच कुऱ्हाडीनं संपवायचं, हा रिवाज. पण पिसाळलेलं नसलं, आणि पुढं वाघरू बसलंय म्हणून वाट अडवत असलं तर? मग मारायचं कुणाला, राखणदारालाच?

पारख सोपी होती. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगंल. कळशीच्या तळाशी तांब्याभर पाणी शिल्लक होतं. पुढं ठेवायचं आणि बघायचं. म्हाकूला तेवढंच होईना. ढग्या पाण्याला भ्याला तर? हातानं वाढवलेल्या जिवावर कुऱ्हाड कशी घालायची?

म्हणून तो देवाला विचारत बसला. एका धोंड्यालाच बिरोबा मानून भंडारा वाहिला, एडक्याचा नवस बोलला, पानांचा कौल लावला. एकदा उजवं पान पडलं, एकदा डावं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. येड्यासारखं झालं त्याला. ऊन चढलं, कोकरं माना टाकायला लागली. अकरा गेली, असं सांगतात. कोणी सात म्हणतं.

शेवटी ठकू भडकली. "देवाला काय इचारताय? कुत्र्याला इचारा की!" तिनं परातीत पाणी ओतलं नि ढग्यापुढं सरकवलं.

ढग्या लपालपा प्याला. परात चाटूनपुसून लख्ख केली, उठला, अंग झाडलं आणि खिंडीतून चालू लागला. मागं सगळा कळप.

झाली गोष्ट? कुठली! मग तो आडवा का पडला होता? काही म्हणतात, वाघरू खरंच होतं, तोवर निघून गेलं. आमची आई म्हणायची, कसलं वाघरू नि कसलं काय, पहाटेपासून कळपाभोवती फिरून तो तहानेनं मरायला टेकला होता, आणि धनी काठी दाखवत होता. मी सकाळी एक मानतो, तिन्हीसांजेला दुसरं.

एवढं मात्र सगळे एकमुखानं सांगतात. ही डोण म्हाकूनं स्वतः कोरली, पहिलं पाणीही त्यानंच ओतलं. ढग्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. ठकूनं ते उपसून दुसरं ओतलं, तेव्हा प्याला. मरेपर्यंत त्यानं म्हाकूच्या हातचं पाणी घेतलं नाही. राखण मात्र त्याच्याच कळपाची केली. रागावला होता म्हणावं, तर सोडून का गेला नाही? माफ केलं म्हणावं, तर पाणी का नको? म्हाकूला जन्मभर कळलं नाही, तिथं मला काय कळणार!

आजही इथं पाणी घरची बाईच ओतते. ती बघा, माझी सून कळशी घेऊन आली. कुत्रं पिईस्तोवर धन्यानं पागोटं काढून पाठमोरं उभं राहायचं असतं. जरा गप ऱ्हावा आता, मला उभं राहू द्या.