राख टाका

बेलसरे साहेब म्हणजे पुलाच्या कामावरचे सर्वांत मोठे इंजिनिअर, आणि त्यांचा हुकूम नेहमी दोन शब्दांचा. वीजकेंद्राची राख मिसळली तर सिमेंट वाचेल, शिवाय काँक्रीटही पक्कं होईल, असं प्रयोगशाळेतल्या मंदाताईंचं म्हणणं. पण राखेची पोती पाहताच साहेब कडाडले, "राखेनं भांडी घासतात, पूल बांधत नाहीत!" आणि रजिस्टरात लिहून गेले, 'राख टाका.'

मंदाताईंनी ते दोनदा वाचलं आणि हसत कामाला लागल्या.

अठ्ठावीस दिवसांनी साहेबांसमोर काँक्रीटचे दोन ठोकळे यंत्रात दाबले. निव्वळ सिमेंटचा आधी फुटला. दुसरा काही केल्या फुटेना. साहेब खूश!

"पूल याचाच बांधा! काय घातलंय यात?"

"राख, साहेब."

साहेब लालबुंद झाले. "मी राख टाका म्हणून लिहिलं होतं ना?"

"म्हणूनच टाकली! भाजीत मीठ टाका म्हटलं, तर ते कुणी उकिरड्यावर नेतं का?"

साहेबांनी रजिस्टर मागवलं आणि आपल्या दोन शब्दांपुढे आणखी तीन लिहिले, 'मंदाताई सांगतील तेवढी.'