जुळ्या प्रोसेसरची भूक

खूप खूप जुनी गोष्ट. समुद्रकाठी एक राज्य होतं. तिथे राजा होता, होड्या होत्या आणि वादळाचं गणित सोडवणारा एक कॉम्प्युटरही होता. हसताय काय? माझ्या गोष्टीत होता!

त्या राज्याची एक रीत होती. नारळी पौर्णिमेला, संध्याकाळच्या भरतीला, सागराला नारळ वाहिला की होड्या सुटायच्या. सुटलेली होडी मागे फिरवायची नाही. त्या वर्षी सकाळपासूनच आभाळाचा रंग बिघडलेला होता. कॉम्प्युटरचा राखणदार घाबरला. गणित सुटायला दुसरा दिवस उजाडणार होता आणि एका होडीतून त्याचा धाकटा भाऊ निघाला होता.

त्याने प्रोसेसरचा वेग वाढवायचं ठरवलं. वेग वाढवला की मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये व्होल्टेजही थोडं वाढवावं लागतं, एवढं त्याला ठाऊक होतं. किती, ते ठाऊक नव्हतं. शेजारच्या राज्यात ह्याच प्रोसेसरचा जुळा भाऊ होता. तिथला आकडा त्याने जसाच्या तसा लावला: एक पॉइंट चार व्होल्ट.

कॉम्प्युटर भरधाव सुटला आणि थोड्याच वेळात बंद पडला. ‘कमी पडतंय बिचाऱ्याला,’ असं वाटून त्याने आकडा आणखी चढवला. आता तो आणखी लवकर बंद पडला. राखणदार अगदी रडकुंडीला आला. भावासाठीच तर चालली होती सगळी धडपड!

तेवढ्यात आधीची राखणदार म्हातारी काठी टेकत आली. तिने कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

“अरे लेका, तो उपाशी नाही, तापलाय!”

“पण आजी, जुळ्याला तर एवढंच लागतं.”

“जुळी पोरं काय सारखी जेवतात? आकडा खाली आण, वेगही उतरव. मग एकेक पायरी चढ आणि दर पायरीला ताप बघ.”

सव्वा व्होल्टला प्रोसेसर शांत चालू लागला. जुळ्याइतका जोरात नाही, पण न थांबता. उत्तर आलं: पहाटे वादळ!

राखणदार किनाऱ्याकडे धावत सुटला, तर नारळ वाहून झाला होता. तो कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि ओरडला, “धाकट्या, तुला माझी शपथ आहे, फिर मागे!” धाकट्याने रीत मोडून होडी वळवली. त्याचं पाहून बाकीच्याही वळल्या. सगळ्यांत पुढे गेलेल्या होडीला मात्र हाक ऐकू गेली नाही.

ती चौथ्या दिवशी फाटक्या शिडाने परतली. माणसं वाचली, पण नावाड्याचा उजवा हात कायमचा गेला. राखणदाराला कुणी बोल लावला नाही. तरी उसन्या आकड्यापायी वाया गेलेला वेळ त्याला सलत राहिला आणि तो जन्मभर त्या नावाड्याची जाळी विणून देत राहिला.

म्हणून लहानांनो, थोरांनो, ज्याला बळ द्यायचं त्याला किती पेलतं ते आधी पाहावं, दुसऱ्याचं माप त्याला लावू नये.