टिटवीने गिळलेली शिवी

फार जुन्या काळी एका तळ्यावर म्हशींचा कळप पाण्याला आला. पुढे म्हातारी भुरी, मागे तिच्या सुना. काठाचा गाळ खोल होता. टिटवी किंचाळली, “अगं आंधळे, तिथे रुतून मरशील!”

“चिमूटभर जीव तुझा, आणि मला शिकवतेस?” भुरी फुरफुरली आणि मुद्दाम त्याच गाळात शिरली.

टिटवी संतापली. “मरू दे! मी खरं तेच सांगितलं.”

“पण सुनांसमोर सांगितलंस,” काठावर उभा असलेला बगळा म्हणाला. “आता ती मागे कशी फिरेल?”

रागातच टिटवी भुरीच्या पाठीवर उतरली आणि कानाशी म्हणाली, “आत्याबाई, सुना तुमच्या मागोमाग येताहेत. त्यांना हा गाळ झेपेल का?”

भुरी थबकली. पाय उपसत ती सुनांवर खेकसली, “मागे फिरा गं! डोळे फुटले का तुमचे?”

टिटवीच्या चोचीशी पुन्हा तीच शिवी आली होती. ती तिने गिळली.